पंचेचाळीस जणांचा खोकला

क्लातेन, जावा, सोमवार

लास्त्रीताईस तारमुजीचा सलाम.

तुझे गुडघे आता तुझे ऐकू लागले असतील. इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीने, रुकायाने, तुझ्यासाठी सोयाबीनचे तेम्पे तळून ठेवले होते. तू आली नाहीस, मी संपवले.

बावीस वर्षांनी हजला आमचा नंबर लागला. लस घेतल्याशिवाय विमानात पाऊल नाही, आणि मी सुईला किती भितो ते तुला माहीत आहे. (इतरांना नाही. मी निवृत्त हेडमास्तर, त्यात पंचेचाळीस जणांच्या तुकडीचा प्रमुख.) म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्स विदायांतीला बाजूला घेऊन विचारले. "त्यात काय सर? दंड सैल सोडायचा, तिकडे बघायचं नाही, आणि सुई टोचताना एकदा खोकायचं. लक्ष खोकल्याकडे जातं." (गणितात कच्ची होती, पण खोटे कधी बोलली नाही.)

लशीच्या दिवशी मी खुर्चीत बसलो, दंड सोडला, भिंतीकडे पाहिले आणि सुई यायच्या आधीच खोकलो. आता, सहा महिने दर रविवारी मैदानात काबाच्या लाकडी प्रतिकृतीभोवती आमचा हजचा सराव चालू होता. मी म्हणेन ते सगळ्यांनी म्हणायचे, मी करेन ते करायचे. मी खोकलो, मागे चव्वेचाळीस जण एका दमात खोकले. नेमक्या तेव्हाच जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई दारात. "थांबवा ती लस! आधी सगळ्यांच्या छातीचे फोटो काढा. ही माणसं विमानात बसणार?" माझी बावीस वर्षे पाण्यात गेली असे वाटले. त्यात मागून म्हातारे वागिमान ओरडले, "सर, परत खोकायचं का आता बसायचं?"

विदायांतीने खुलासा केला तेव्हा बाई हसून हसून खुर्चीत बसल्या, माझ्याच. मग ज्याने त्याने आपापल्या पाळीलाच खोकायचे, असे ठरले. सुई टोचताना एकानेही हूं की चूं केले नाही. वागिमान तर बाहेर जाताना विचारत होते, "टोचली कधी?" फार समाधान वाटले. पुढच्या महिन्यात विमान.

तुझा,
तारमुजी

ता. क. चव्वेचाळीस जणांनी घेतली. प्रमुखाने सर्वांत शेवटी घ्यावी असे मीच जाहीर केले, आणि शेवटी चहा सांगायला बाहेर गेलो. पुढचा गुरुवार हा लशीचा अखेरचा दिवस. तू ये, शेजारी बस आणि मला रागव. तू रागावलीस की मला दुसरे काही जाणवत नाही.

आणखी एक. रुकायापाशी बोलू नकोस. माझ्या दंडावर पट्टी आहे. ती रोज सकाळी विचारते, "दुखतं का हो?" मी खरे तेच सांगतो, अजिबात नाही.