पणजीची अकरा बाळं आणि धाकटीचं प्रकरण

२ जानेवारी, सकाळी सात
कादंबरीला हात घातला. आपल्याच घराच्या चार पिढ्या, चाळीस प्रकरणं, रोज तीन पानं. एप्रिलच्या आत हातावेगळी. नियम एकच: घरातलं कुणी गेलं की पुढच्या तीन पानांत काहीतरी चांगलं घडलंच पाहिजे. मृत्यूला काळी पेन्सिल, आशेला हिरवी. तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. यांनी विचारलं, माझ्या गोळ्यांचं वेळापत्रक का? मी दार लावून टाकलं.

५ जानेवारी, सोमवार
धाकट्या बहिणीकडे गेले. तिची केमो थांबवली आहे. डॉक्टर म्हणाले, आता शरीराला विश्रांती देऊ. मला हे चांगलं लक्षण वाटलं. बरं वाटू लागल्याशिवाय औषध कोण थांबवतं?
पहिलं प्रकरण तिच्या हातात दिलं. तीस वर्षं तिने छापखान्याची प्रुफं घरी आणून तपासली, तिच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही. म्हणाली, दर सोमवारी एक आण. मग विचारलं, माझं प्रकरण कितवं? एकतिसावं, म्हटलं. ती हसली.
"ताई, जरा शॉर्टकटने ये."

१३ जानेवारी
पणजोबा छत्र्या दुरुस्त करायचे, हे प्रकरण झकास उतरलं. पण त्या काळात माणसं फार मरायची. पस्तीस पानांत सात गेली. तक्ता नुसता काळा. शेवटी पणजीला काही मुलं वाढवून दिली. लगेच समतोल आला.
उद्यापासून रोज चार पानं.

१९ जानेवारी, सोमवार
प्रूफ परत मिळालं. लाल शाईत: "मार्चमध्ये मुलगी, त्याच वर्षी जुलैमध्ये मुलगा? बाईला श्वास तरी घेऊ दे." खाली बेरीज. एकूण बाळं अकरा, पैकी आपल्याला माहीत असलेली चार. बाकीची सात कुणाची?
मी समजावलं की ती सात म्हणजे आशा आहे. ती म्हणाली, आशेचं ठीक आहे गं, पण कळा पणजीला लागतात.
एवढं बोलून तिला धाप लागली. हसल्यामुळे असणार. गालांची हाडं वर आल्याने चेहरा हल्ली रेखीव दिसतो. तसं तिला सांगितलंही.

२७ जानेवारी
दोन पानं. आठवड्यात. पण पणजोबांच्या शेजाऱ्यांचा अभ्यास चालू आहे, तोही लिखाणातच धरायला हवा. हे म्हणाले, छत्रीवाल्याच्या शेजाऱ्याच्या सासऱ्यापर्यंत पोचलीस, आता सख्ख्या बहिणीकडे वळ की. यांना कादंबरी कशी वाढते याची कल्पना नाही. हे आयुष्यभर जमिनीची मोजणी करत आले.

२ फेब्रुवारी, सोमवार
धाकटीची खाट पुढच्या खोलीत आणली आहे. नर्स आता दिवसभर थांबते. खिडकीजवळ उजेड चांगला, म्हणजे वाचायला सोयीचं.
तिने विचारलं, आईचं आजारपण लिहिणार आहेस ना? म्हटलं, म्हणजे काय! अकरा वर्षं आई अंथरुणाला खिळून होती, आणि आपण दोघींनी तिचं केलं. धाकटी पेन्सिलीला टोक काढत बसली. ते मोडलं. पुन्हा काढलं.
खरं म्हणजे तिचं काम घरबसल्या होतं, त्यामुळे आईजवळ राहणं तिला सोयीचं पडलं. मला नोकरी, मुलं, यांच्या बदल्या. तरी मी सुट्टीत जायचेच. कधी रिकाम्या हाताने गेले नाही, फळं असायची. छापखान्यातल्या एका बाइंडरने धाकटीला मागणी घातली होती. तीन वर्षं थांबला, मग दुसरीकडे जमवलं. त्यालाही बिचाऱ्याला घाई असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. मधल्या पिढ्या ओलांडून थेट एकतिसावं प्रकरण घ्यायचं. सकाळी आठला टेबलाशी बसले. पहिलं वाक्य सुचेपर्यंत कपाट आवरलं. मग पडदे धुवायला टाकले. मग सातवं प्रकरण पुन्हा लिहिलं, ते आता फारच सुबक झालंय.
तेच घेऊन गेले. तिने न वाचता उशाशी ठेवलं. म्हणाली, छत्र्या झाल्या असतील तर सांग.

१६ फेब्रुवारी, सोमवार
नर्सने मला पॅसेजमध्ये गाठून सांगितलं, फार दिवस नाहीत, मनाची तयारी ठेवा. मुलगी तरुण आहे, अनुभव कमी. आज तर धाकटीने चार चमचे सूप घेतलं. गेल्या सोमवारी तीन होते.
घरी येऊन एका बैठकीत तिचं प्रकरण लिहून काढलं. बारा पानं! पुढच्याच महिन्यात ती खडखडीत बरी होते आणि पुढच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय उघडते. हिरवी पेन्सिल निम्मी झिजली. लिहिताना रडू आलं. लिखाण चांगलं असल्याची खूण.

२० फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार
नर्सचा फोन, सोमवारपर्यंत थांबू नका. गेले.
कागद तिच्या हातात ठरेनात, म्हणून मीच वाचायला बसले. 'दोघी बहिणी आळीपाळीने आईच्या उशाशी जागत' इथे तिने बोट वर केलं. मला वाटलं, पाणी हवंय. नको म्हणाली, पुढे वाच. मी वाचनालयापर्यंत वाचलं. ती छताकडे बघत होती.
"मला बरं नको करूस, ताई."
मी म्हटलं, अगं, मग आशा कुठून आणू? सगळी कादंबरी काळी होईल.
"खरं लिही. माझं तेवढ्याने भागेल." तिने डोळे मिटले. झोपली असं समजून मी कागद गोळा करायला लागले, तर म्हणाली, "अकरा वर्षांत किती दिवस होतीस गं तू तिथे? आकडा घाल."
जुन्या डायऱ्या बघून सोमवारी पक्का सांगते, असं म्हटलं. अंदाज मला होता. तिलाही असणार.
सोमवारी, असं ती नुसतं ओठांनी म्हणाली. मी चप्पल घालत होते तेव्हा नर्सकरवी विचारलं, ताई जेवून आलीय का.

२१ फेब्रुवारी
डायऱ्या माळ्यावर आहेत. शिडी डगमगते. उद्या यांना धरायला सांगेन. घाईने चुकीचा आकडा जायला नको, तिला चूक खपत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
काल सकाळी साडेनऊला गेली. मी पोचले तेव्हा नर्स चादर बदलत होती. तिच्या उशाशी माझं सातवं प्रकरण होतं. शेवटपर्यंत तपासलेलं. लाल खूण एकही नाही. फक्त शेवटच्या पानावर, अक्षर ओळखू येईना इतकं वाकडं: "छान. पुढचं?"

२ मार्च, सोमवार
काही लिहिलं नाही.

७ मार्च, दुपार
यांनी शिडी धरली. अकरा डायऱ्या खाली काढल्या. शंभर दिवस तरी भरतील अशी माझी खात्री होती.
सव्वीस भरले. पुन्हा मोजले. पहिल्यांदा प्रवासाचा एक दिवस चुकून धरला होता. पंचवीस.
त्यातले तीन दिवस मला ताप होता. आईशेजारच्या खाटेवर मी पडून होते, आणि धाकटी दोघींना भरवत होती.