नाव नसलेला आवाज

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते. आता नोकरीला लागूनही काही वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला नगरमध्ये संगणक शिकणाऱ्या मुलींची आणि त्यात काम करणाऱ्या बायकांची परिषद भरली होती. तिथे मी माझं संशोधन मांडलं. खरं तर ते तुमचंच म्हणायला हवं. सुप्याच्या कारखान्यात तुम्ही फिटर होतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाशी धरायचात आणि आत काय बिघडतंय ते सांगायचात. भिंगारच्या घरी मी एकदा मिक्सरवर तसं करून पाहिलं, तर तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातातून काढून घेतलात. "आधी गप ऱ्हायला शिक, मंग ऐकू येतं," म्हणालात. मी दिवसभर रुसले होते. माझा प्रोग्राम तेच करायचा, आवाजावरून बिघाड ओळखायचा. त्याला शिकवायला मी तुमच्या जुन्या मोबाईलमधली रेकॉर्डिंग वापरली. प्रत्येकाच्या सुरुवातीला तुम्ही बोलला आहात, "ही चांगली हाय," नाहीतर "हिचं बेरिंग जानार." शेवटच्या एकात मात्र काहीच बोललेला नाहीत. नुसती धपधप, आणि प्रत्येक ठोक्यामागे वाळू सरकल्यासारखी सळसळ. मला वाटलं, पंप असेल. प्रोग्रामने त्याला ठामपणे बिघाड म्हटलं, म्हणून मी तो आवाज भाषणाच्या शेवटी ऐकवायला ठेवला.

हॉल भरलेला आहे. मी बटण दाबते आणि भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरमधून ती धपधप येते. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी तिच्याबरोबर थरथरतं. कुजबुज थांबते. पहिल्या रांगेतली एक मुलगी नकळत स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवते. प्रश्नांच्या वेळी एक वयस्क बाई उठल्या. दवाखान्यातली यंत्रं बनवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "हे मशीन नाहीये गं. ही कुणाची तरी छाती आहे. बरा आहे ना तो माणूस?"

आवाज चालूच होता. बंद करायला मी माउसवर हात ठेवला, पण दाबायला धजेना. अप्पा, तुम्ही त्या हॉलमध्ये होतात, एवढ्या बायकांच्या मधोमध, आणि तुमचे ठोके पडत होते. "हो," मी म्हणाले, "बरे आहेत." मग फाईल आपोआप संपली.

घरी आल्यावर फाईलची तारीख पाहिली. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस होता तो, तुम्ही जायच्या नऊ दिवस आधीचा. भाषणासाठी मी सुरुवातीचा तुकडाच कापून घेतला होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा हेडफोन लावून सबंध रेकॉर्डिंग ऐकलं. तुमच्या ठोक्यांच्या मागे, खूप लांबून, एक मुलगी मोठ्याने इतिहासाचा धडा वाचतेय. ती अडखळते, पुन्हा पहिल्यापासून वाचते. शेजारच्या खोलीत मी होते. तुम्ही शर्टाची बटणं काढून, फोन छातीला लावून बसला होतात, आणि इतकी मशीनं ओळखणाऱ्या तुम्हाला काय ऐकू आलं असेल ते मला आता कळतं.

आईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, शेवटी शेवटी अप्पांना काही त्रास होत होता का? ती भाजी निवडत होती. पित्त व्हायचं म्हणाली, सोडा प्यायचे. मी तिच्याजवळ बसून भाजी निवडायला लागले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. इतर मुली संशोधनासाठी अधूनमधून माझ्याकडे तुमची रेकॉर्डिंग मागतात, मी देते. ती एक फाईल मात्र काढून ठेवते, आणि खाली लिहून देते की सगळी रेकॉर्डिंग दिली आहेत.