ओळखीचा भोंगा

चिऊ, माझ्या पोरी,

हे पत्र तुला मिळणार नाही. लिहून झालं की फाडणार आहे, कारण तुझा नवरा रोज संध्याकाळी केळी घेऊन येतो आणि बोलता बोलता घरभर नजर फिरवतो.

"बाबा, पत्ता तेवढा सांगा. मी काय तिला खाणार आहे?"

"देवाशप्पथ, ठाऊक नाही," मी म्हणायचो, आणि ते खरंच होतं. तू मार चुकवून गेलीस त्या बायकांच्या निवाऱ्यातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पत्ता बापालाही कळणार नाही. बरंच झालं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुझ्या आईनं गावभर करून ठेवलंय.

पण काल ताईंच्या फोनवरून तुझी छकुली कविता म्हणून दाखवत होती, आणि मागे सूतगिरणीचा भोंगा वाजला. आधी घोगरा, मग एकदम चिरका. लहानपणी आमच्या कवितेच्या तासाला तोच वाजायचा आणि गुरुजी अर्ध्या ओळीवर थांबायचे. क्षणभर मी त्या बाकावर जाऊन बसलो. मग लक्षात आलं. तू माझ्या शाळेजवळ होतीस.

मला खोटं बोलता येत नाही. तोंड गप्प राहिलं तरी चेहरा बोलतो.

म्हणून सकाळीच ताईंना सांगितलं, "मला जागा कळलीय. दोघींना हलवा."

"बाबा, मग बरेच दिवस फोन होणार नाही."

"चालेल," म्हणालो.

आत्ताच त्यांचा निरोप आला, दोघी निघाल्या. कुठे, ते विचारलं नाही. अगदी जिभेवर आलं होतं, पोरी.

आता काहीच ठाऊक नसलेले,
तुझे बाबा