रोडग्यांच्या कारखान्याचा पत्ता

मलकापूर,
८ डिसेंबर २०२४

चि. समता हिस,
अ. उ. आ. वि. वि.

फोन केला की तू पुण्यात कुणाच्या तरी भुवया कोरत असतेस आणि तुझ्या त्या ॲपला मध्येच बोललेलं खपत नाही. म्हणून ज्वारीच्या पापडांच्या डब्यात पत्र घालून ट्रॅव्हल्सने धाडतोय. आधी पत्र वाच, मग पापड मोड.

तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या तानाबाईचा, उजवा खांदा पार कामातून गेला आहे. ती तुला सांगणार नाही. दीडशे-दीडशे माणसांच्या रोडग्यांची कणीक पंचवीस वर्षं एकटीने मळली. आता डॉक्टरने मळणंच बंद सांगितलंय. परवा तिने जन्मात पहिल्यांदा दोन ऑर्डरींना नाही म्हटलं.

यावर मी उपाय काढला आहे. लघुउद्योगांच्या सरकारी योजनेत कणीक मळायच्या यंत्रासाठी तिच्या नावाने अर्ज केला. अडलं ते एका रकान्यात: उद्योगाचा पत्ता. बाई बोलावणं येईल त्याच्या शेतात जाते, झाडाखाली गोवऱ्या पेटवते, निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजून रोडगे करते आणि परात घेऊन घरी येते. सरकारला झाड चालत नाही, म्हणून मी धामणगाव बढ्याचं तुमचं घर लिहिलं. मंगळवारी साहेब चालू उद्योगाचा फोटो काढायला येतील. घरात चालू म्हणावं असं फक्त मांजर आहे. तेव्हा अंगणात पाटी लावायची, गोवऱ्या पेटवायच्या आणि शेजारच्या अंबूबाईला कामगार म्हणून बसवायचं, असं ठरवलंय. काळजी करू नकोस, सगळं माझ्या हातात आहे.

लोभ पापडांपेक्षा जास्त दिवस पुरवावा.
तुझा मामा,
इंद्रभान


मलकापूर,
११ डिसेंबर २०२४

चि. समता हिस,
अ. उ. आ. वि. वि.

सगळं माझ्या हातात होतं, म्हणूनच गेलं.

अंगणातून रोडग्यांचा वास गल्लीभर झाला. आपल्याकडे रोडगे भाजले म्हणजे कुणाचा तरी नवस फिटला. त्याला आमंत्रण लागत नाही आणि दारी आलेल्याला उठवता येत नाही. साठ माणसं आली. गल्लीतले पंजाबराव तर नारळ घेऊन आले, आणि नवस कशाचा हे न विचारताच पाटावर बसले. साहेब पोचले तेव्हा पंगत रंगात होती आणि अंबूबाई आपण कामगार आहोत हे विसरून तुपाचा आग्रह करत होती. साहेबांनाही बसवलं. त्यांनी चार रोडगे खाल्ले, वांग्याच्या भाजीची तारीफ केली आणि अहवालात लिहिलं, घरगुती धार्मिक कार्यक्रम, उद्योग आढळला नाही.

महिनाअखेरपर्यंत एकदा फेरतपासणी मागता येते. नंतर अर्ज बाद. तानाबाई म्हणते की राहू द्या, परात विकून टाका. हे ती रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

मायेत कमी करू नये, अकलेचं आम्ही बघतो.
मामा


पुणे,
१६ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग खांद्याच्या ओळीपाशी थांबले.

मामा, दोन वर्षं मी पाठीला बॅग लावून घरोघरी फेशियल करत फिरतेय. माझा पत्ता काय? आज कोथरूड, उद्या वाकड. ॲप मला भागीदार म्हणतं, पण परवा भागीदाराला ताप आला तर सुट्टी नव्हती. घरमालकीण मला बेकार समजते, कारण मी ऑफिसला जात नाही. आईचं काम माझ्यासारखंच आहे. फरक एवढाच, की तिचं गिऱ्हाईक तिला पाणी विचारतं.

तेव्हा नाटक बंद करा. रकान्यात फिरता व्यवसाय लिहा. जिथे खरी ऑर्डर असेल त्या शेताचं लोकेशन साहेबांना पाठवा आणि तिथेच बोलवा. कणीक त्या दिवशी तुम्ही मळा. परातीला विकण्यासाठी कुणी हात लावला, तर मी अर्धी भुवई तशीच सोडून निघून येईन.

आहे तशीच माया राहू द्यावी.
आपली भाची,
समता


मलकापूर,
२९ डिसेंबर २०२४

चि. समता हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे, ज्याची ऑर्डर होती त्या ज्ञानेश्वरच्या शेतात, विहिरीजवळच्या निंबाखाली साहेबांना बोलावलं. कणीक मी मळत होतो. तानाबाईने मला तीनदा हाकललं आणि चौथ्यांदा माणूस नाही म्हणून ठेवून घेतलं.

साहेब आले ते मागची चव आठवतच आले. बसल्याबरोबर एक रोडगा मागितला. तानाबाईने मान वर न करता सांगितलं की हे रोडगे ज्ञानेश्वरचे आहेत, मी इथं कामावर आहे, त्याले इचारा. मी डोळ्यांनी खुणावत होतो, तिने मला धूर लागतोय असं समजून बाजूला सरकायला सांगितलं. साहेबांनी पुन्हा म्हटलं की मागच्या वेळी तर आग्रहाने वाढलं होतं. ती म्हणाली, ते माह्या घरी होते, घरी तुम्ही पाहुणे.

अर्ज गेला, असं समजून मी कणकेचे हात कपाळाला लावले. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं, अर्जदार मालकाच्या परवानगीशिवाय एकही रोडगा देत नाहीत. व्यवसाय असल्याची खात्री पटली, मंजुरीची शिफारस. मग ज्ञानेश्वरला विचारून पाच खाल्ले.

पुण्याच्या गर्दीत आमच्यासाठी जागा राखावी.
मामा


धामणगाव बढे,
२० फेब्रुवारी २०२५

चि. समतास,
मायचा आशीर्वाद.

मशीन आलं. तुह्या मामानं त्याले हार घातला आन् भाषन केलं. मी आन् अंबूबाई आयकाले होतो, मंग अंबूबाई उठून गेली. दहा मिन्टात परातभर कनीक होते. मी बोटानं चाचपून खोट काहाडाले पाह्यली, सापडली नाई, तं त्याचाच राग आला. ज्या दोघाईले नाई म्हतलं होतं, त्याईचे रोडगे करून आली.

खांद्याचं सांगतलं नाई म्हून रागावू नोको. तूबी तापाचं मले कुठं सांगतलं? आता दोघीबी सांगत जाऊ.

माया हायेच, येऊन घेऊन जाय.
तुही माय,
तानाबाई

ता. क. चार महिन्यापासून माहे केस अंबूबाई इंचरून देत होती, हात वर जात नव्हता. आज माहा अंबाडा मीच घातला. वाकडा झाला. कोनाले सांगू नोको. पार्लरवालीची माय हावो मी.