बंटी द्या, सनी घ्या

शुक्रवार, ७ ऑक्टोबर २०१६

आज पुन्हा बंटीला बाहेर बसवलं! हातात पाण्याच्या बाटल्या, खांद्यावर टॉवेल, आणि मैदानाच्या कडेने नुसत्या येरझाऱ्या. राखीव खेळाडू म्हणे! मस्कतजवळच्या माबेल्याचं हे मैदान म्हणजे खडी आणि माती, मधे चटई अंथरली की झालं क्रिकेट. कंपन्यांची लीग. खेळणारे सगळे नोकरदार आणि बघणारे आम्ही मूठभर रिकामटेकडे.

मॅक्सिम आणि हुसैनमियाँ नेहमीसारखे माझ्याच डब्यातल्या चकल्या खात माझ्याच माणसाला नावं ठेवत होते. मॅक्सिम वसईचा, हॉटेलात स्टोअर सांभाळतो. हुसैनमियाँ बरक्याला मासळीचा धंदा करतात. दोघांनी जन्मात बॅट धरली नसेल, पण मतं ऐकावीत! मॅक्सिम म्हणाला, "बंटीला ठेवलाय कशाला अजून? पाणी द्यायला? पाणी तर मी पण देईन."

मी म्हटलं, "तुला बाटलीचं झाकण उघडताना दम लागतो."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यापासून त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मॅच चालू असताना मी कुठे बघते हे कुणाला ठाऊक नाही. मी बंटीच्या पायांकडे बघते. त्याच्या पायातले बूट अजिंक्यचे आहेत.

शनिवार, ८ ऑक्टोबर

एकदाचं लिहून टाकते. इथे कोण वाचणार आहे?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत इब्रा गावची मॅच खेळून अजिंक्य आणि बंटी परत येत होते. गाडी बंटी चालवत होता. रस्त्यावर अचानक उंट आला. बंटीचा खांदा मोडला. माझा मुलगा, माझा अजिंक्य, जागच्या जागी गेला. डिकीतली त्याची किटबॅग मात्र जशीच्या तशी! बूटसुद्धा, त्या दिवशीची माती लागलेले.

मी बंटीला एका शब्दाने बोलले नाही. सगळे म्हणाले, वहिनींचं मन मोठं. पोरगा अकोल्याचा, आमच्या ह्यांच्याच कंपनीत गोडाऊनला. इथे त्याचं कुणी नाही. खांदा बरा झाल्यावर त्याला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर बूट पुढे ठेवले. म्हटलं, "घाल. त्याचे पाय मैदानावर राहू देत." बराच वेळ बघत बसला. मग घातले.

तेव्हापासून बूट आमच्या दारातल्या रॅकवरच असतात. गुरुवारी मी त्यांना पांढरं पॉलिश करते. शुक्रवारी सकाळी तो येतो, पायरीवर बसून घालतो. त्याला बूट चढवायला चमचा लागतो, खिशातून घेऊन येतो. काय एकेक लाड! मॅच झाली की परत येतो, बूट काढून ठेवतो, जेवतो आणि जातो.

पायरीवर बुटांचा आवाज झाला की क्षणभर वाटतं, आला. नुसतं वाटत नाही, मी हाकही मारते कधीकधी. मनातल्या मनात. त्या एका क्षणासाठी मी बाकीचा आठवडा ढकलते. हे मात्र तेवढ्या वेळात बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभे राहतात.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

आज वेगळंच ऐकलं. इब्राच्या टीमला बंटी द्यायचा आणि त्यांच्याकडचा सनी घ्यायचा! इब्राच्या कंपनीचा मालक आमच्या अर्बाबचा, कंपनीच्या ओमानी मालकाचा, मावसभाऊ. म्हणजे मॅनेजरने शब्द टाकायचा अवकाश, की माणसं इकडची तिकडे. बंटीची नोकरीही तिकडेच, राहणंही तिकडेच. इब्रा! तोच रस्ता!

मॅक्सिम नुसता उड्या मारत होता. "वहिनी, सनी एकोणीस वर्षांचा आहे! काय थ्रो आहे! बाउंड्रीवरून डायरेक्ट स्टंप. दोन वर्षांत ओमानच्या टीममध्ये नाही दिसला तर नाव बदलेन."

हुसैनमियाँ म्हणाले, "छोकरा कच्चा है अभी. उद्या त्याचा बाप इंडियाला घेऊन गेला तर? हातचा सोडून पळत्याच्या मागे लागू नये."

"हातचा पळत असता तर गोष्ट वेगळी होती!"

ह्यावर हुसैनमियाँ माझ्याकडे सरकले. मग हळूच मला म्हणाले, "भाभी, बुरा मत मानना. एका बाजूला आपला अजिंक्य, एका बाजूला बंटी, मधून बॉल जायचा नाही. आता बंटीचे पाय गेले."

नेमका तेवढ्यातच कुणाच्या तरी पायात वांब आला आणि बंटी आत गेला. बॉल त्याच्या बाजूला आला. तो दबकत दबकत पळाला, तापलेल्या फरशीवर पळावं तसा. चौकार. मॅक्सिमने नुसते हात पसरले.

ह्या लोकांना काय कळतंय? दुःख पायांत उतरतं माणसाच्या. तो अजून अजिंक्यला विसरलेला नाही, म्हणून पळत नाही. जो विसरत नाही त्यालाच हाकलायचं!

रविवार, १६ ऑक्टोबर

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. एचआरमध्ये हेच बसतात. एनओसीवर ह्यांची सही झाल्याशिवाय अर्बाबकडे कागद जात नाही. आणि एनओसी नसेल तर इथे दुसरीकडे नोकरी करता येत नाही, देश सोडून दोन वर्षं बाहेर बसावं लागतं. म्हणजे सगळं ह्यांच्या हातात.

म्हटलं, "सही करायची नाही."

"वसुंधरा, हे ऑफिसचं काम आहे."

"तो माझ्या घरचा माणूस आहे."

 ह्यांनी पेपर उचलला आणि उलटा धरून वाचत बसले. अजिंक्य गेल्यापासून हे असेच. बोलायची वेळ आली की पेपर.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

सनीला ट्रायलला बोलावलं होतं. काटकुळा पोरगा, कानात बाळी. त्याला डीप मिडविकेटला उभं केलं — अजिंक्यच्या जागेवर. ऊन समोरून येत होतं. तो पाठमोरा वळून टोपी नीट करायला लागला आणि मी खुर्चीतून उठले. हो, उठले! दोन पावलं चालूनही गेले. तिथे माझा मुलगा उभा होता. मग तो वळला.

खरं लिहायचं तर पोरगा चांगला आहे. बॉल उचलून असा फेकला की मी टाळी वाजवली. लगेच हात पदराखाली घेतले. बंटी पाण्याच्या बाटल्या घेऊन माझ्याकडेच बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बंटी हसला. मला अजून कळत नाही, हसायला काय झालं होतं त्याला?

रविवार, ३० ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

बंटी आला. निळा शर्ट घालून आला. अजिंक्यचाच आहे, मीच गेल्या दिवाळीला दिला होता. शंकरपाळ्यांचं ताट पुढे केलं आणि सरळ विचारलं, "तुला इब्राला जायचंय का रे?"

तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणाल तसं."

झालं तर! ऐका आता म्हणावं सगळ्यांनी! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पणतीची वात सारखी करत होते.

मी त्याला मागे एकदा म्हटलं होतं, आई म्हण. तो काकूच म्हणतो. लाजत असेल.

बुधवार, २ नोव्हेंबर

ह्यांनी मॅनेजरला नकार कळवला. बंटी जाणार नाही. खलास!

संध्याकाळी मॅक्सिमचा फोन. "वहिनी, टीम काय तुमच्या देवघरात ठेवायचीय का?" मी फोन आपटला. मेल्याला ह्यापुढे एक चकली मिळणार नाही.

रात्री पॉलिश केलं. उद्याचं काम आजच.

रविवार, ६ नोव्हेंबर

आज ह्यांनी तोंड उघडलं. उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

मी सहज म्हटलं, बंटीच्या नशिबाने तुम्ही वेळेवर नाही म्हणालात. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "ही अदलाबदल मॅनेजरच्या डोक्यातून निघालेली नाही. ऑगस्टमध्ये बंटी स्वतः माझ्या टेबलाशी आला होता. म्हणाला, काका, कुठेही पाठवा."

"खोटं."

"मी सांगणार नव्हतो. पण तू दिवाळीला त्याला जे विचारलंस ना, ते मला बघवलं नाही. तो तुला नाही म्हणूच शकत नाही, वसुंधरा. तुला एवढं कळत नाही?"

ऑगस्टमध्ये! म्हणजे त्यानंतर किती शुक्रवार माझ्या ताटात जेवला, मी आग्रह करून वाढत होते, आणि ह्याच्या मनात जायचं होतं. आणि जायचं कुठे, तर त्या रस्त्याच्या टोकाला! मी त्या बाजूच्या पाट्यासुद्धा वाचत नाही. ह्याला तिथे राहवेल?

डोळ्यांतून पाणी येत नाही. नुसता संताप येतोय. ज्याच्या हातून माझं पोर गेलं त्याला मी पोटाशी धरलं, आणि तो ऑफिसात जाऊन ह्यांच्या टेबलाशी उभा राहिला!

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते. 

सकाळी बंटी आला. पायरीवर बसला, खिशातून चमचा काढला. मी दारात उभी राहिले.

"इब्राला जायचंय ना तुला?"

तो चमचा बोटांत फिरवत राहिला.

"दिवाळीला का नाही बोललास?"

मान खाली घालून म्हणाला, "काकू, तिथे मला कोणी ओळखत नाही. तिथे मी नुसता बंटी असेन."

"मग हो नुसता बंटी! बूट ठेव. माझ्या मुलाचे आहेत ते."

त्याने बूट रॅकवर ठेवले. नीट, टाचेला टाच लावून. चमचा परत खिशात घातला. पाया पडायला वाकला तर मी पाय मागे घेतले. चपला घालून गेला.

मग मी मैदानावर गेले. खोटं कशाला लिहू? त्याची फजिती बघायला गेले.

बिनबुटाच्याला कोण खेळवणार? पण आमचा एक जण आलाच नव्हता. आमचा कीपर महमूद मस्कतचाच, गडगडाटी हसणारा. त्याने आपले जुने बूट बंटीकडे फेकले. "यल्ला, चल बंटी!" बंटी लाँग ऑनला जाऊन उभा राहिला.

आणि मग एकाने उंच मारला. लाँग ऑन आणि मिडविकेटच्या मधे. कुणाचाच नव्हता तो कॅच. बंटी पळाला.

देवा, तो पळाला! खडीवरून धुरळा उडवत. मी विसरून गेले होते की ह्या मुलाला असं पळता येतं. झेप घेतली, पडला, लोळला, आणि बॉल हातात वर धरला. सगळी पोरं त्याच्या अंगावर. हुसैनमियाँ खुर्चीवर चढले. "या अल्ला! ये अपना बंटी?"

मॅक्सिम तर ओरडतच सुटला. "कोण म्हणत होता ह्याला द्या म्हणून? कोण तो गाढव?"

"तूच की!"

"मी? मी म्हटलं सनीला बघा. द्या असं कुठे म्हटलं? वहिनी, तुमच्या एकनाथरावांना सांगा, ह्याला सोडायचा नाही!"

मला वाटलं, माझ्यापासून सुटला म्हणून पळाला. ते पुरेसं लागलं होतं मला. पण मॅचनंतर बंटी महमूदचे बूट परत द्यायला लागला, तर महमूद त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "रख ले, रख ले. नाइन नंबर. तेरा मेरा सेम सेम."

नऊ.

अजिंक्यचा पाय आठ नंबरचा. पहिलीच्या बुटांपासून सगळे मीच घेतले त्याचे, मला नाही ठाऊक?

बंटी मोजे काढत होता. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीठिक्कर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाय चटकन मातीत लपवले.

शनिवार, १२ नोव्हेंबर

आज बुटांच्या आत हात घातला. इतके दिवस बाहेरून पॉलिश केलं, आत कधी हात गेलाच नाही. पुढे अंगठ्याशी अस्तर फाटलंय. कडक वाळलेले डाग आहेत.

तो एकदाही बोलला नाही. मी एकदाही विचारलं नाही. माफ केलं, माफ केलं म्हणून गावभर सांगत होते मी. नव्हतं केलं.

हे म्हणाले, "आता सगळेच म्हणतायत बंटीला ठेवा. मॅनेजरसुद्धा. तुझ्या मनासारखं झालं."

मी म्हटलं, "उद्या पहिली सही बंटीच्या एनओसीवर करा."

 ह्यांनी रॅककडे बघून विचारलं, "आणि बूट? त्याला द्यायचे?"

"नाही. ते अजिंक्यचे आहेत."