सोयाबीन निवल्यावर

पवनार,
दि. १ डिसेंबर २०२४

चि. गुंजन हीस अ. उ. आ.

फोनवर मले नीट ऐकू येत नाई, अन् मधेच तुही आई बोलते, म्हणून लिहून राह्यलो.

वांगी चांगली निघून राह्यली. काळजी एकच, आईच्या कोंबड्यायची. घरचं सोयाबीन हाये तं विकतचं खाद्य कायले, म्हणून यंदा तिनं तेच चालू केलं. दिवाळीत तू सांगतलं, कच्चं सोयाबीन कोंबडीले पचत नाई, भाजून द्या अन् एन्झाइमची पावडर घाला. आईनं बसनं वर्धेले जाऊन पावडर आणली. आता कढईत दाणे तापले का त्यातच पावडर टाकते अन् असे खमंग परतते, का शेजारच्या प्रभाकररावाच्या ओसरीवर वास जाते. पण विष्ठा अजून चिकटच, खुराड्यात पाय ठेववत नाई, अंडंही बारीकच.

प्रभाकरराव इचारते, कोंबडीले दाणे टाकाले कॉलेज लागते काय. मी हसून सोडतो, आईले झोंबते. पोरीचं शिकणं पुस्तकातच राह्यलं म्हणते. साऱ्या कोंबड्या घेऊन जा म्हणून तिनं व्यापाऱ्याले निरोप धाडला. टोपल्याखाली झाकून वाढवलेली पिल्लं तिची, अन् आता त्यायच्याकडं पाहतही नाई. उपाय असला तं लवकर लिहजो.

परभणीले थंडी असन, स्वेटर घालत जाजो. आमची माया तिकडंच हाये.

तुहा बाबा,
रूपराव


परभणी,
दि. ६ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. कढईपर्यंत आले आणि वसतिगृहात एकटीच हसत सुटले. मी ‘भाजा आणि घाला’ एका दमात सांगितलं, आईनंही एका दमात केलं.

कच्च्या दाण्यात पचन अडवणारं काहीतरी असतं, ते भाजल्यानं मरतं. दाण्यातला जो चिवट भाग कोंबडीला फोडता येत नाही, तो फोडायला पावडर मदत करते. पण पावडरही आचेपुढे टिकत नाही. आई ती आणते आणि भाजून मारते. तेव्हा दाणे नीट भाजून ताडपत्रीवर पसरा. हाताला गार लागले की भरडा, मक्याच्या भरड्यात मिसळा आणि मग पावडर घाला. नुसतं सोयाबीन पोटभर नको. दोन-तीन आठवडे धीर धरा. व्यापारी आला तर चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक. इथल्या मॅडम पशुआहाराच्या पुढच्या शिक्षणासाठी नाव दे म्हणतात. महिनाअखेर कळवायचंय. पण माझं शिकणं आईच्याच खुराड्यात उपयोगी पडलं नाही, तर कोणत्या तोंडानं नाव देऊ? हे आईला सांगू नका.

तिला नमस्कार. रुसून घेत नसेल तर तिच्या वाटचाही तुम्हीच घ्या.

तुमची,
गुंजन


पवनार,
दि. २६ डिसेंबर २०२४

चि. गुंजन हीस अ. उ. आ.

आईले सांगू नको म्हणून तू लिहिलं, पण माह्या चष्म्याची दांडी तुटली होती. पत्र तिनंच वाचलं. मले ऐकू यावं म्हणून एवढ्या जोरात, का प्रभाकररावानंही ऐकलं. शेवटाले आली तशी पत्राची घडी घालून उठली, चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी खोके घेऊन आला. आईनं त्याले चहा देल्ला अन् सांगतलं, कोंबड्या विकाच्या नाई. तो निरोपाची आठवण देऊ लागला, तं खुराड्याच्या दाराले पाठ लावून उभी राह्यली. गेला बिचारा.

मंग तू लिहिलं तसं केलं. दाणे पसरवते अन् वरून सुपानं वारा घालते, मले जेवताना कधी घातला नाई तेवढा. आता खुराडं कोरडं हाये. अंडं मुठीत मावत नाई. काल प्रभाकरराव आपल्या कोंबड्यायसाठी पावडर कशी घालाची ते इचाराले आला. आईनं त्याले बसवलं, दाणे निवेपर्यंत, अन् तेवढ्या वेळात कॉलेज कायले लागते ते सांगतलं.

तुह्या नावाचं इचारलं तं भरडा चाळता चाळता बोलली, वर न पाहता. जसं बोलली तसंच लिहितो: ‘तिले लिहा, अर्धं सांगण्यापुरतं झालं शिकून. आता पुरं शिकून ये म्हणा.’

नाव देऊन टाकजो. आमचा दोघायचा हात तुह्या डोक्यावर हायेच.

तुहा बाबा,
रूपराव