खांदा आणि कणीक

भिलाई, मंगळवार, फेब्रुवारी १९८५

खांद्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा धावली. उजवा हात झुलतच नव्हता. तो पोटाशी धरून सेक्टरच्या ग्राउंडवर चार राउंड मारले. घरी आली तं दादा दारातच भडकला, "खांदा निखळला तं? धावनं बंद!" अन् अर्ध्या तासानं तोच विचारते, "कणीक भिजवली का?"

महिनाभर याच हातानं कणीक मळून राहिली मी. तेव्हा कोणाले खांदा दिसला नाही, कावून? डोकं नुसतं पेटलं. परात उचलली अन् दादासमोर आदळली. "मी पायानं धावते. खांदा दुखते कणकीनं. आजपासून तू मळ."

दादा आईकडे पाहत राहिला. आईनं पाण्याचा गडवा त्याच्याकडे सरकवला.